ट्रान्सफर निबंधाची लांबी

पदवीचे शिक्षण एका कॉलेजात सुरू असताना दुसरीकडे प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याने अर्जासोबत द्यायचे लेखन म्हणजे ट्रान्सफर निबंध. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतली. महाराष्ट्रात कॉलेज बदलायचे तर गुणपत्रिका, टीसी, ना हरकत प्रमाणपत्र आणि रिकामी जागा यांवर सगळे ठरते. का बदलायचे हे सहसा कोणी पानभर लिहून मागत नाही. त्यामुळे तिकडे शिकणारी आपली मुले या निबंधापाशी हमखास अडखळतात.

किती लिहायचे हे संस्था ठरवते. कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूसी) पदवीचे शिक्षण देणारी नऊ संकुले असून अर्ज एकच असतो. पूर्वी त्यात दोन निबंध मिळून १,००० शब्द असत. २०१६च्या अर्जांपासून त्याजागी चार छोटी उत्तरे आली, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांची. ट्रान्सफर विद्यार्थ्याला त्यांतला एक प्रश्न सक्तीचा आहे: मुख्य विषयाची तयारी कशी केली? उरलेले तीन सातांतून निवडायचे. ‘आधीचे कॉलेज का सोडता’ असे यूसी विचारतच नाही. तिथे ट्रान्सफरने येणारे बहुतेक जण राज्यातल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांतले असतात. तिथला टप्पा संपला की पुढे जायचेच असते.

‘कॉमन अ‍ॅप’वर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून ऑनलाइन अर्ज करायच्या व्यवस्थेत, प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या निबंधाला २५० ते ६५० शब्दांची मर्यादा आहे. ट्रान्सफर अर्जात मात्र अनेक कॉलेजे स्वतःचे प्रश्न आणि मर्यादा देतात, त्यामुळे एकच मजकूर सगळीकडे चिकटवून चालत नाही.

मर्यादा ६५०ची असेल तर पाचशेत आटोपलेला निबंध उणा ठरत नाही. दीडशेत उरकलेला मात्र घाईचा वाटतो. खरी गडबड वाटणीत होते. निम्मी जागा जुन्या कॉलेजच्या तक्रारींत जाते आणि नव्या ठिकाणी काय शिकायचे आहे ते शेवटच्या दोन ओळींत कोंबले जाते. ‘इथे सागरी जीवशास्त्राचे वरच्या वर्गाचे विषय शिकवत नाहीत’ एवढ्या एका वाक्यात सोडण्याचे कारण पुरते. उरलेले शब्द कोणते विषय झाले, प्रयोगशाळेत काय केले आणि पुढे कशावर काम करायचे यासाठी ठेवावेत. एखाद्या सत्रात गुण का घसरले याचा खुलासाही निबंधात घुसडू नये. यूसीच्या अर्जात अशा गोष्टींसाठी अतिरिक्त माहितीचा ५५० शब्दांचा वेगळा रकाना असतो.