ऊन फुकट, व्याज महाग

सौर पॅनेलचे भाव आणखी उतरल्याची बातमी आली की ‘आता कोळसा आपोआप मागे पडणार’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. भाव उतरलेत हे खरंच आहे. जगातलं पॅनेलचं आजवरचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की किंमत साधारण 20 टक्क्यांनी उतरते, आणि हा कल कित्येक दशकं टिकून आहे. पण स्वस्त पॅनेल आणि स्वस्त वीज यांच्या मध्ये एक आकडा उभा असतो, ज्याची बातमी होत नाही. तो म्हणजे व्याजदर. हा आकडा प्रयोगशाळेत ठरत नाही. कंपनी पैसे कुणाकडून, कधी आणि कशाच्या मोजमापावर घेते, आणि बुडाले तर कुणाचे बुडतात, यावर तो ठरतो.

कोळशाच्या केंद्रात खर्चाचा मोठा वाटा इंधनाचा. जेवढं जाळाल तेवढे पैसे, तेही जाळताना. सौर आणि पवन ऊर्जेत इंधनाला शून्य खर्च, म्हणून जवळजवळ सगळा पैसा पहिल्याच दिवशी ओतावा लागतो. समजा, सौर संचाला 100 लागले (चलन कुठलंही धरा) आणि तो 25 वर्षं चालणार आहे. मुद्दल आणि व्याज मिळून दरवर्षी सारखा हप्ता किती? त्यासाठी 1 मधून (1 + व्याजदर) चा उणे 25 वा घात वजा करायचा, उत्तराने व्याजदराला भागायचं आणि मुद्दलाने गुणायचं. 4 टक्क्यांनी हप्ता येतो 6.4, 8 टक्क्यांनी 9.4 आणि 12 टक्क्यांनी 12.75. पॅनेल तेच, ऊन तेच, युनिटही तेवढेच; तरी 4 चे 12 झाले की विजेची किंमत जवळजवळ दुप्पट.

आता घरमालकाचा हिशेब बघा. ‘पाच वर्षांत पैसे सुटले तरच संच लावतो’ असं म्हणणारा माणूस 100 वर वर्षाला 20 मागतो. 25 वर्षं टिकणाऱ्या वस्तूवर ही जवळपास 20 टक्के परताव्याची मागणी झाली. तो हे लोभापोटी मागत नाही. इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारं उपकरण) जळेल का, घर विकावं लागेल का, बसवणारा उद्या फोन उचलेल का, हा सगळा धोका त्याच्या एकट्याच्या डोक्यावर असतो.

नेमका हा धोका उचलायचा व्यवसाय काही कंपन्यांनी उभा केला. सोलरसिटी ही कंपनी 2006 साली कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि 2008 पासून तिने पॅनेल भाड्याने द्यायला सुरुवात केली. संच कंपनीच्या मालकीचा, छत ग्राहकाचं. ग्राहक दरमहा भाडं देतो किंवा मीटरवर दिसेल तेवढ्या युनिटचे पैसे देतो. पॅनेलच्या सिलिकॉनमध्ये काहीही बदललं नाही, तरी ज्यांनी ते कधीच विकत घेतलं नसतं अशांच्या छतांवर ते चढलं.

कंपनीला हे परवडतं कसं? इथलं गणित मला अतिशय सुंदर वाटतं. समजा, शंभरातले 5 ग्राहक हप्ता थकवतात. एकाच छताला पैसे पुरवणाऱ्यासाठी निकाल एकतर सगळं किंवा काहीच नाही. 10,000 छतांमध्ये मात्र सरासरी 500 थकबाकीदार निघतील आणि प्रत्यक्ष आकडा त्यापासून किती हलेल, तर 10,000 × 0.05 × 0.95 याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 22. दोन्ही बाजूंना याच्या दुप्पट अंतर धरलं, तर बहुतेक वेळा आकडा 456 ते 544 यांच्या मध्ये पडेल. तोटा होणारच आहे, पण किती होणार हे आधी माहीत आहे. मग तो किमतीत धरता येतो. छतं शंभरपट वाढवली की तुलनेने अनिश्चितता दहापट घटते. अशा हजारो करारांची मोट बांधून त्यावर रोखे काढता येतात आणि गुंतवणूकदार कमी व्याजावर पैसे देतात.

थकबाकीचा धोका बँकही असाच वाटून घेते. कंपनीचं वेगळेपण यंत्राच्या बाबतीत आहे. पॅनेलची क्षमता वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटते, ते फारसं जाणवत नाही. इन्व्हर्टर मात्र साधारण 10 ते 15 वर्षांत बदलावा लागतो. स्वतःचा संच असलेल्याला तो बंद पडल्याचं कित्येकदा पुढचं बिल आल्यावर कळतं. युनिटवर पैसे घेणाऱ्या कंपनीचं उत्पन्न त्याच दिवशी थांबतं, म्हणून ती प्रत्येक इन्व्हर्टरवर दुरून नजर ठेवते.

पण त्या वर्गमूळाला एक अट आहे: धोके एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. सगळ्या छतांवर एकदम कोसळणारा धोका छतं वाढवून कमी होत नाही. 2015 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या वीज नियामकाने छतावरून ग्रिडमध्ये, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्यात, येणाऱ्या विजेचा मोबदला कमी केला आणि स्थिर आकार वाढवला. सोलरसिटीने तिथलं काम काही दिवसांतच थांबवलं. सूर्य नेवाडात पूर्वीइतकाच तळपत होता. पुढच्याच वर्षी सनएडिसन ही बलाढ्य सौर कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या पॅनेलमध्ये खोट नव्हती, कर्ज काढून विस्तार करण्याचा वेग तिला पेलला नाही.

जिथे ग्रिडच पोचलेलं नाही आणि बँकेकडे ग्राहकाची नोंद नाही, तिथे तारण म्हणून उपकरणच वापरलं जातं. केनियात 2007 पासून मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय होती. तिच्या जोरावर एम-कोपा कंपनीने लहान पॅनेल, बॅटरी आणि एलईडी दिवे रोजच्या हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. हप्ता चुकला की संच बंद. एम-कोपा हे संचातल्या सिमकार्डमार्फत दुरून करते. दुसऱ्या पद्धतीत अंकी कोड लागतो. संचाच्या नियंत्रकात (कंट्रोलरमध्ये) एक गुप्त किल्ली आणि एक क्रमांक साठवलेला असतो. पैसे मिळाले की सर्व्हर त्याच दोन गोष्टींवरून कोड काढतो, ग्राहक तो बटणांवर टाकतो, नियंत्रक स्वतः गणित करून पडताळतो आणि ठरलेले दिवस वीज देतो. क्रमांक पुढे सरकल्यामुळे जुना कोड पुन्हा चालत नाही, आणि नेटवर्कचीही गरज नाही. यात एक चूक महाग पडते: कुलूप लावताना चार्जिंगही तोडलं, तर बॅटरी हळूहळू पूर्ण उतरून कायमची खराब होते. तोडायचा तो फक्त दिव्यांकडे जाणारा प्रवाह. पॅनेलकडून बॅटरीकडे येणारा चालूच ठेवायचा.

मोजून पैसे घेण्याची ही कल्पना जेम्स वॉटच्या वाफेच्या यंत्राइतकी जुनी आहे. अठराव्या शतकात वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणमालकांकडून यंत्राच्या वापराचं शुल्क घेत ते जुन्या न्यूकोमेन यंत्राच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश. यंत्रावर कुलूपबंद गणक असे, तो दांड्याचे हेलकावे मोजी. तरीही वाद झालेच, कारण वाचलेला कोळसा डोळ्यांना दिसत नाही. तो अंदाजच असतो. आजही ‘बचतीतून पैसे फेडा’ या करारांमध्ये भांडण इथेच होतं: संच नसता तर वापर किती झाला असता? त्यासाठी आधीच्या किमान वर्षभराची बिलं आणि तापमानानुसार दुरुस्ती करारात लिहून ठेवावी लागते.

चुंबकावर फिरणारी ‘फुकट वीज’ यंत्रं आणि प्लगमध्ये खोचून बिल निम्मं करणाऱ्या डब्या विकणाऱ्यांची परीक्षाही याच कसोटीवर घ्यावी. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम बाजूला ठेवा. त्यांना म्हणा, यंत्र माझ्याकडे बसवा आणि मीटरवर दिसेल त्या बचतीतला अर्धा वाटा न्या. खरं यंत्र असणारा आनंदाने तयार होईल. हे लोक रोख रक्कम आधी मागतात.

छताचा करार करताना मासिक रकमेपेक्षा वार्षिक दरवाढीचं कलम आधी वाचा. दरसाल 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण 25 व्या वर्षी युनिटचा दर पहिल्या वर्षाच्या दुपटीवर गेलेला असतो. ग्रिडचा दर तेवढा वाढला नाही तर तोटा तुमचा. त्यानंतर तीन गोष्टी लेखी घ्या: छताच्या दुरुस्तीसाठी पॅनेल उतरवून पुन्हा बसवायचा खर्च कुणाचा, घर विकलं तर करार नव्या मालकाकडे कोणत्या अटीवर जातो, आणि कंपनीच बुडाली तर देखभाल कोण करणार.