सरोवराकाठचे बुटके डोंगर आणि त्यांचा बर्फ

डोंगर जितका उंच तितका बर्फ जास्त, असं आपण धरूनच चालतो. सैबेरियातली खमार-दबान डोंगररांग हा हिशेब चुकीचा ठरवते. बैकल सरोवराच्या दक्षिण काठावरची ही रांग जेमतेम 2400 मीटरपर्यंत जाते, आणि सरोवराचं पाणीच समुद्रसपाटीपासून साधारण 456 मीटरवर आहे. तरीही तिच्या सरोवराकडे तोंड केलेल्या उतारांवर माणूस कमरेपर्यंत रुतेल इतका भुसभुशीत बर्फ साठतो. ट्रान्स-सैबेरियन रेल्वे याच काठाने जाते आणि हिवाळा लागला की पाठीवर स्की घेतलेली माणसं इथे उतरू लागतात. लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही. आपल्या पायांनी डोंगर चढायचा आणि स्कीवरून उतरायचा. यालाच स्की टूरिंग म्हणतात.

हा बर्फ सरोवर देतं. बैकल 1642 मीटर खोल आहे. पाणी 4 अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं, त्यामुळे शरद ऋतूत वरचं पाणी थंड झालं की खाली बुडतं आणि खालचं कोमट पाणी वर येतं. इतक्या पाण्यातली उष्णता निघून जायला फार वेळ लागतो. म्हणून डिसेंबरात काठावरची हवा उणे 20 अंशांवर गेली तरी सरोवर उघडंच असतं आणि त्यातून वाफा निघत असतात. वायव्येकडून येणारा कोरडा, गार वारा पाण्यावरून जाताना ही वाफ उचलतो आणि समोर डोंगर आडवा आला की वर चढतो. ढगातलं तापमान उणे 15 अंशांच्या आसपास असेल तर सहा फांद्यांचे मोठे, नाजूक स्फटिक तयार होतात. ते एकमेकांत अडकून पडतात, मध्ये भरपूर हवा राहते आणि स्कीवाल्यांना हवा असतो तो हलका बर्फ मिळतो. अमेरिकेत ऑन्टारियो सरोवराच्या पूर्वेला टग हिल नावाचं पठार आहे. उंची फक्त 600 मीटरच्या आसपास, पण तिथेही वर्षाला पाच मीटरहून जास्त बर्फ पडतो, आणि कारण हेच.

जानेवारीत बैकल गोठतं आणि वाफेचा हा पुरवठा तुटतो.

चढण्याची युक्ती सैबेरियातल्या शिकाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हरणाच्या पायाचं कातडं, म्हणजे कामुस, ते स्कीच्या तळाला लावत. केस मागच्या दिशेला झुकलेले असल्याने स्की पुढे सहज सरकते आणि मागे घसरू लागली की केस उभे राहून बर्फात रुततात. आज हे पट्टे नायलॉनचे किंवा मोहेर लोकरीचे असतात आणि माथ्यावर पोचल्यावर काढून ठेवता येतात. चढताना टाच मोकळी असते, उतरताना ती बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत, अडकवतात.

आता खरी काळजीची गोष्ट. डोंगर बुटका, झाडी दाट, खाली रेल्वेचा रूळ दिसतोय. अशा ठिकाणी हिमस्खलनाचा धोका मनातही येत नाही. पण बर्फाचा स्लॅब, म्हणजे एकसंध जुळलेला थर, सुटायला उंची लागत नाही. साधारण 30 ते 45 अंशांचा उतार लागतो आणि आत एक कच्चा थर लागतो. सरोवर नेमका तो कच्चा थरही बनवतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री बर्फाचा पृष्ठभाग हवेपेक्षा थंड होतो आणि उघड्या पाण्यावरून आलेली वाफ त्यावर थेट गोठते. सकाळी पाहावं तर पिसांसारखे पातळ, चमकणारे तुरे उभे असतात, कधी बोटाच्या पेराएवढे लांब. हे तुरे बऱ्याचदा खालच्या, आडोशाच्या मोकळ्या जागांतच जास्त होतात, म्हणजे आपण ज्यांना सुरक्षित समजतो तिथेच. त्यांच्यावर नवा बर्फ पडला की ते वरून दिसेनासे होतात आणि कित्येक दिवस, कधी कधी आठवडे, तसेच उभे राहतात. एका स्कीच्या भाराने ते एका जागी मोडले की मोड झपाट्याने आडवी पसरत जाते. ‘धप्प’ असा आवाज येतो आणि वरचा अख्खा थर सुटतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक जण वाचतात, त्यानंतर शक्यता वेगाने घसरते. म्हणून प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा रेडिओ संकेत पकडणारं यंत्र), टोचून शोधायची काठी आणि फावडं असायलाच हवं, आणि ते वापरायचा सराव असायला हवा.

जाणकार मंडळी तुरे दिसले तो दिवस आणि ती जागा टिपून ठेवतात, कारण बर्फ पडल्यावर शोधणं अवघड. मग खड्डा खणून 30 सेंटीमीटर लांबीरुंदीचा बर्फाचा खांब कापतात, त्यावर फावडं ठेवून दहा टपल्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून मारतात आणि खांब कितव्या टपलीला, कुठल्या थरावर सुटतो ते पाहतात. पहिल्या काही टपल्यांतच सुटला तर परत फिरावं, यात मला शंका वाटत नाही. उलट निकाल आला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. झाडाच्या छत्रीखाली रात्री बर्फ तितका थंड होत नाही, तुरे धरत नाहीत. तिथला खांब पक्का निघतो आणि चार पावलांवरच्या मोकळ्या जागेत थर कच्चा असतो. त्यामुळे अशा दिवशी 30 अंशांच्या आतले उतारच निवडायचे, आणि तेही वरच्या बाजूला तीव्र उतार नाही ना हे पाहून, कारण खाली मोडलेला थर वरचा स्लॅबही सोडवू शकतो.