कान वाजतो, पण कानात नाही

‘कान वाजतोय’ असं आपण सहज म्हणतो, म्हणजे दोष भाषेनंच कानाच्या माथी मारलेला. माधवनिदान या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथातला कर्णनाद, म्हणजे कान वाजणं, तेही तसंच: कानाच्या मार्गात वात शिरला की भेरी, मृदंग, शंख असे नाद ऐकू येतात. 1801 मध्ये संगीतकार बेथोव्हननं मित्राला पत्रात लिहिलं, की कानात रात्रंदिवस घोंघावतंय. त्याचीही तक्रार कानांचीच होती.

मग कापून टाकली नस, तर आवाज थांबेल? लॉस एंजेलिसचे हाउस आणि ब्रॅकमन हे शल्यचिकित्सक कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरची गाठ काढताना ऐकण्याची नसही कापत. त्यांनी 1981 मध्ये अशा रुग्णांचा हिशोब मांडला. कान आणि मेंदूचा संबंधच तुटलेला, तरी अनेकांचा आवाज थांबला नाही. काहींचा तर वाढला. तोडलेल्या पायाचा अंगठा ठणकावा, तशातली ही गत.

मेंदूच्या श्रवणपटलावर, म्हणजे मेंदूतल्या ऐकण्याच्या भागात, स्वर पेटीच्या पट्ट्यांसारखे ओळीनं मांडलेले असतात. 1998 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना दिसलं, की कर्णनादाच्या स्वराची जागा तिथे सरकलेली असते, आणि त्रास जितका जास्त तितकी ती जास्त सरकते. ही कल्पना सगळ्यांनाच पटली. जरा लवकरच पटली म्हणायची. 2012 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला ऐकणं जवळजवळ शाबूत असलेले रुग्ण तपासले, तर पट्ट्या जागच्या जागी!

मला जास्त बोलकं वाटतं ते लंडनचं 2011 मधलं काम. शेट आणि मॅकअल्पाइन यांनी निवडलेल्या स्त्रियांचे कान वाजत होते, पण ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, अगदी नॉर्मल. त्यांना ‘टिक’ असा आवाज ऐकवून डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनं लहरी मोजल्या. नसेतून निघणारी पहिली लहर खुजी होती. मेंदूच्या देठातली पाचवी लहर मात्र कान न वाजणाऱ्या इतरांएवढीच उंच. म्हणजे नसेतून कमी आलेलं वाटेतच कुणीतरी भरून काढलं होतं. स्टेशन नीट लागेना म्हणून रेडिओचा आवाज वाढवावा आणि खरखरही मोठी व्हावी, तसं.

1953 मधला एक जुना प्रयोग यामुळे वेगळाच दिसायला लागतो. हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. पाचेक मिनिटांत 94 टक्के लोकांना गुणगुण, शिट्टी, भुणभुण असं काहीतरी ऐकू आलं. खोलीत आवाज नव्हताच.