पंख असलेल्या घोरपडीचा गट कोणता?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणारा माझा भाचा मित्रांसोबत एक व्हिडिओ गेम तयार करतो आहे. गेल्या रविवारी त्याने मला त्यातल्या प्राण्यांची यादी दाखवली. ‘गट’ या रकान्यात जलचर, उडणारे आणि सरपटणारे असे तीनच पर्याय होते. एकेचाळिसाव्या ओळीत पंख असलेली, पाण्यात सूर मारणारी एक घोरपड होती आणि तिचा रकाना कोरा होता. “मामा, हिला कुठं टाकू?”

एका प्राण्याला एकच कप्पा, ही सवय आपल्याला शालेय जीवशास्त्राने लावली आहे. 1758 साली कार्ल लिनियसने प्राण्यांना प्रजाती आणि जाती अशी दुहेरी नावे पद्धतशीरपणे दिली. त्याची कप्प्यात कप्पा ही मांडणी निसर्गात टिकते, कारण प्रत्येक प्राणी वंशवृक्षाच्या एकाच फांदीवर असतो. वटवाघूळ कितीही उडाले तरी ते सस्तनच राहते. गेममधल्या प्राण्याला मात्र पूर्वज नसतात. तो काय करील आणि त्याच्यावर काय चालेल, एवढेच खेळणाऱ्याला कळायला हवे असते.

1996 साली जपानमध्ये आलेल्या पोकेमॉन या व्हिडिओ गेमने याचे जे उत्तर शोधले, ते मला अतिशय सुंदर वाटते. तिथे कप्प्यांऐवजी खुणा आहेत. आज एकूण 18 प्रकार असून प्रत्येक प्राण्याला त्यांपैकी एक किंवा दोन मिळतात, म्हणजे 18 एकेरी आणि 153 जोड्या मिळून 171 शक्यता होतात. हल्लेही याच 18 प्रकारांचे असतात. प्रत्येक शक्यतेवर प्रत्येक हल्ल्याचा परिणाम वेगळा लिहायचा तर 171 गुणिले 18, म्हणजे 3,078 नोंदी लागल्या असत्या. प्रत्यक्षात 18 गुणिले 18, म्हणजे 324 नोंदींचा एक तक्ता पुरतो, कारण दोन प्रकारांवरचे परिणाम एकमेकांशी गुणले जातात. त्यातला चॅरिझार्ड हा प्राणी अग्नी आणि उड्डाण अशा दोन प्रकारांचा आहे. खडकाचा हल्ला दोन्हींवर दुप्पट, म्हणून त्याच्यावर चौपट; गवताचा दोन्हींवर निम्मा, म्हणून पाव; जमिनीचा हल्ला अग्नीवर दुप्पट, पण उडणाऱ्यावर शून्य, म्हणून एकूण शून्य. 2013 साली परी हा नवा प्रकार आला, तेव्हा तक्त्यात एक ओळ आणि एक स्तंभ वाढवून भागले; झाड उपटून पुन्हा लावावे लागले नाही.

नावांच्या बाबतीत आपली मराठीच उत्तम गुरू आहे. रंकाळा तलावावर पंख पसरून बसणारा पाणकावळा वंशाने कावळा नाही, पण त्याचा रंग आणि ठिकाण दोन्ही नावातच कळतात. रानकोंबडा तर खरोखरच कोंबडीचा सोयरा. अर्थात चुकीच्या नावाची किंमत कधी कधी प्राण्याला मोजावी लागते. बोथट शेपटीमुळे मांडुळाला ‘दुतोंड्या’ म्हटले गेले, त्याला गुप्तधनाच्या थापा चिकटल्या, आणि या निरुपद्रवी, बिनविषारी सापाची तस्करी आजही होते. मांडुळाला तोंड एकच असते आणि त्याला कोणतेही धन सापडत नाही.

भाच्याने ‘गट’ हा रकाना पुसून अधिवास, हालचाल आणि हल्ला असे तीन रकाने केले. एकेचाळिसाव्या ओळीत आता ‘पाणघोरपड’ असे नाव आहे.