वळीव कुठला, अवकाळी कुठला?

मार्च उजाडला की कोल्हापुरात पडणाऱ्या प्रत्येक सरीला बातम्यांत अवकाळी म्हणायची रीत पडली आहे. एप्रिलअखेरीस दिवसभर भाजून काढून संध्याकाळी पाचला कडाडून कोसळणारा पाऊस अवकाळी, आणि डिसेंबरात आभाळ भरून दोन दिवस रिपरिपणाराही अवकाळीच. यातला पहिला खरं तर वेळेवर आलेला असतो. मार्च ते मे हा हवामान खात्याच्या हिशेबात मान्सूनपूर्व हंगाम आहे आणि वळीव हा त्या हंगामाचा हक्काचा पाऊस. त्याला अवकाळी म्हणणं म्हणजे घरच्या माणसाला पाहुणा म्हणण्यासारखं आहे.

वळीव तयार होतो इथल्या इथं, त्याच दिवसाच्या उन्हावर. शहराचा पारा ३८-३९ अंशांवर गेला की तापलेल्या जमिनीलगतची हवा वर उठायला लागते. पण नुसत्या उकाड्यानं पाऊस पडत नाही, वाफ लागते. ती येते अरबी समुद्रावरून. दुपारनंतर पश्चिमेचा दमट वारा सह्याद्री चढून गगनबावडा, आंबा घाटाच्या बाजूनं आत शिरतो. पठारावर त्याची गाठ पडते उत्तरेकडून आलेल्या कोरड्या, तापलेल्या हवेशी. विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकातून दक्षिणेकडे गेलेला कमी दाबाचा पट्टा त्या दिवसांत आपल्या जवळपास असला, तर या हवेला वर जायला आणखी जोर मिळतो. उन्हानं तापलेले डोंगरउतारही हवेला वर ढकलतात. म्हणून पन्हाळा-जोतिबाच्या अंगाला ढग आधी फुगताना दिसतो.

हे बघायला दुपारी तीन-साडेतीनला गच्चीवर जावं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या ठसठशीत कडांचा पांढरा ढग बघता बघता वर चढतो, त्याचा तळ सपाट आणि काळानिळा होत जातो. मग वारं पडतं. झाडाचं पान हलत नाही, अंगाला घाम सुटतो. आणि एकदम ढगाकडूनच गार वारा सुटतो, धुरळा उठतो, पत्रे वाजू लागतात. हा वारा म्हणजे ढगातून पावसाबरोबर खाली कोसळलेली थंड हवा, जमिनीवर आपटून चहूकडे पसरलेली. टपोरे थेंब तिच्या मागून येतात. ढग दहा-बारा किलोमीटर उंच गेलेला असतो आणि साडेचार-पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असतं, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात गारा पडतात यात नवल काही नाही. तासाभरात सगळं उरकतं. शाहूपुरीत गटारं तुंबलेली आणि कळंब्यात रस्ता कोरडा ठाक, हा प्रकार वळवाचाच. एकेक ढग जेमतेम काही किलोमीटरचा, तो जिथं फुटला तिथंच पाऊस.

अवकाळीचं घर लांब असतं. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पावसाळी हवेच्या फिरत्या प्रणाली, उत्तर भारतावरून जाताना त्यांचा प्रभाव कधी कधी महाराष्ट्रापर्यंत येतो. नाहीतर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन वाफेनं भरलेली हवा जमिनीवर येते. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला असंच झालं. त्या पावसात आणि गारठ्यात पुणे जिल्ह्यात मोठ्या संख्येनं मेंढ्या दगावल्या. अशा वेळी ढग उभा वाढत नाही, पसरतो. चार-पाच जिल्ह्यांवर एकच राखाडी छत, ना गडगडाट ना घाई. पाऊस पहाटे पडेल, दुपारी पडेल किंवा नुसतंच कुंद राहील.

आकाशाकडे न बघताही ओळखायची खूण आहे, ती थर्मामीटरमध्ये. वळवाच्या दिवशी दुपारचा पारा चांगलाच चढलेला असतो आणि पाऊस पडला की खाली येतो. अवकाळीच्या दिवशी दुपार चढतच नाही, उलट रात्रीची थंडी कमी होते, कारण ढगांची चादर जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाही. जानेवारीत अचानक स्वेटर नकोसा झाला आणि सूर्य दिसेना, तर शेतकऱ्यानं सावध व्हावं.

सावध का, ते गुऱ्हाळावर कळतं. उसाचा रस काढून उरलेली चिपाडं अंगणभर उन्हात वाळत घातलेली असतात, चुलवाणाचं, म्हणजे रस आटवायच्या भट्टीचं, जळण तेच. ती भिजली की धूर होतो, रसाच्या मोठ्या कढईखाली, काहिलीखाली, जाळ लागत नाही, गुऱ्हाळ थांबतं. तिकडे फडात चिखल झाला की ट्रॅक्टर-ट्रॉली रुतते आणि ऊसतोड बंद. आजरा-चंदगडच्या काजूचा आणि आंब्याचा मोहोर दमट हवेत काळा पडतो, त्याला पाऊस पडायचीही गरज नसते, चार दिवसांचं ढगाळ पुरतं. वळीवही आंबा झाडतो, केळी आडवी करतो, हे खरं. पण त्याच पावसानं उन्हात भाजलेली नांगरट भिजून ढेकळं फुटतात, उसाला एक पाणी मिळतं. पावसाळ्यात कमी पाऊस मिळणाऱ्या शिरोळ, हातकणंगले या पूर्वेच्या तालुक्यांत वळवाचं मोल जास्त.

अंदाज बघायची रीतही दोघांची वेगळी, आणि माझ्या मते खरा उपयोगाचा फरक हाच. समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र किंवा विक्षोभ चार-पाच दिवस आधी दिसतो, त्यामुळे अवकाळीचा अंदाज बऱ्यापैकी जमतो. चिपाडं झाकायला वेळ मिळतो. वळवाबाबत खातं एवढंच सांगू शकतं की जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. तुमच्या गावात पडेल का, हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही. तिथं दुपारचं आकाश, खात्याचा तीन तासांचा इशारा आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप, एवढंच कामाचं. गार वारं अंगाला लागलं की झाडाखाली थांबू नये. विजेला पाऊस सुरू व्हायची वाट बघावी लागत नाही.

दोन्हींची सरमिसळ होते ती मार्चमध्ये. जमीन तापलेली असते आणि वरून एखादा विक्षोभ थंड हवा घेऊन जातो. खाली गरम, वर थंड, म्हणजे वळवाच्या ढगाला आयतीच शिडी. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा-विदर्भात दिवसेंदिवस चाललेली गारपीट अशाच जुळणीतून आली. त्या पावसाला अवकाळी म्हटलं ते बरोबरच होतं.

उलट मे महिना आहे म्हणून पाऊस वळवाचाच, असंही धरून चालत नाही. मे २०२५ मध्ये अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन २४ तारखेला रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर आलं, त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला आणि २६ ला मुंबईत. तो सलग पाऊस वळीव असता तर संध्याकाळी पडून सकाळी ऊन आलं असतं आणि दोन दिवसांत वाफसा, म्हणजे रान मशागतीजोगं सुकलेलं. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडला भाताची धूळवाफ पेरणी त्यावरच चालते: वळवानं भिजलेलं रान मशागत करून ठेवायचं, माती पुन्हा कोरडी झाली की त्यात बी टाकायचं. सलग पावसात माती कोरडी होतच नाही. मग धूळवाफ सोडून रोपं टाकायची आणि लावणीला माणसं शोधायची.