चिंतनशील अध्यापन आणि मुलांचा अभिप्राय

चिंतनशील अध्यापन म्हणजे तास संपल्यावर शिक्षकाने आपल्याच शिकवण्याकडे परत एकदा नीट बघणं, मुलं कुठे अडकली ते शोधणं आणि त्याप्रमाणे उद्याचा तास बदलणं. मुळात हा विचार अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांचा, १९१० चा, पण अमेरिकेतल्याच डोनाल्ड शॉन यांच्या १९८३ च्या पुस्तकानंतर तो शिक्षकांच्या प्रशिक्षणात रुळला. शॉन यांनी काम चालू असतानाचा विचार आणि काम झाल्यावरचा विचार असे दोन भाग केले. पुढे १९९५ मध्ये शिक्षण-अभ्यासक स्टीफन ब्रुकफील्ड यांनी स्वतःकडे बघायची चार भिंगं सांगितली: आपला अनुभव, विद्यार्थ्यांचे डोळे, सहकारी आणि अभ्यास-संशोधन.

आपल्याकडे बीएडला सूक्ष्म अध्यापन असतं, छोटा पाठ घ्यायचा, अभिप्राय ऐकायचा आणि तोच पाठ सुधारून परत घ्यायचा. नोकरी लागली की हे सुटतं, राहते ती टाचणवही (पाठाचं नियोजन लिहायची वही) आणि तिच्यावरची सही. खरंतर आता खिशातल्या मोबाईलवरच हे परत सुरू करता येतं.

सगळ्यात सोपं म्हणजे स्वतःचा तास रेकॉर्ड करून ऐकणं. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग तपासली तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त बोलतात, नीट बोलतात. आपला आवाज ऐकताना हे लगेच कानाला लागतं. (व्हिडिओ करायचा असेल तर पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे चेहरे घेऊ नयेत.)

दुसरं, एक-दोन प्रश्नांचा गूगल फॉर्म, नाव न विचारता. समजा अपूर्णांकांची बेरीज शिकवली आणि निम्म्या वर्गाने १/३ + १/४ = २/७ केलं, तर वहीत फक्त चूक दिसते, पण फॉर्मवर "कुठे अडकलं?" विचारलं की कोणीतरी लिहितं, छेद समान कसा करायचा ते कळलं पण का करायचा ते नाही कळलं. मग दुसऱ्या दिवशी दोन सारख्या भाकरी, एकीचे तीन तुकडे आणि एकीचे चार, दोन्हींतला एकेक तुकडा शेजारी ठेवून बघायचा, फळ्यावर तीच रीत परत गिरवायची नाही. मुलांकडे फोन नसतील तर प्लिकर्स आहे, मुलं छापलेलं कार्ड उत्तराप्रमाणे फिरवून वर धरतात आणि शिक्षकाचा एकच फोन सगळी उत्तरं टिपतो, जिल्हा परिषदेच्या शाळेला हे फार सोयीचं.

कॉलेजात वर्षाअखेरीला नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाईलसाठी जो फॉर्म भरून घेतात तो यात धरू नये, तो शिक्षकाच्या हाती येतो तेव्हा ती मुलं पुढच्या वर्गात गेलेली असतात. शिवाय मुलं शिक्षकाला जे गुण देतात त्या आकड्यांत पूर्वग्रहही शिरतो: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ऑनलाइन कोर्सच्या स्त्री आणि पुरुष शिक्षकांची नावं अदलाबदल केली, तर पुरुषाच्या नावाला जास्त गुण मिळाले. म्हणून ताऱ्यांपेक्षा मुलांनी लिहिलेलं वाक्य वाचावं.

आणि वाचल्यावर वर्गात येऊन सांगावं, की तुमच्यापैकी नऊ जणांना "का" कळलं नव्हतं म्हणून आज मी भाकरी आणलीय. हे सांगितलं नाही तर दोन-तीन आठवड्यांत सगळ्या फॉर्मवर नुसतं "छान" यायला लागतं.