‘झॉम्बी’ गाण्यातलं १९१६ कुठून आलं

क्रॅनबेरीज या आयरिश बँडचं ‘झॉम्बी’ एमटीव्हीच्या काळात आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलंय, गिटार हातात आली की चार कॉर्डमध्ये बसतं म्हणून वाजवलंही असेल, पण दुसऱ्या कडव्यात गायिका एक साल घेते, १९१६, आणि तिथे आपण न थांबता पुढे जातो. मीही कित्येक वर्षं तसाच पुढे जात होतो. गाण्याच्या अर्थावरून आयर्लंडमध्ये आजही जी भांडणं होतात ती बरीचशी त्या एका आकड्यावर येऊन अडतात.

आधी गाणं कशावरून सुचलं ते. २० मार्च १९९३, शनिवार. इंग्लंडमधलं वॉरिंग्टन, लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधलं गाव. दुसऱ्या दिवशी तिकडचा मदर्स डे, त्यामुळे बाजारात गर्दी. आयआरएने, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून सोडवायला हत्यार घेतलेल्या आयरिश रिपब्लिकन आर्मीने, रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यांत दोन बॉम्ब ठेवले होते. तीन वर्षांचा एक मुलगा जागीच गेला, बारा वर्षांचा दुसरा पाच दिवसांनी हॉस्पिटलमध्ये गेला, पन्नासहून जास्त लोक जखमी झाले. बँडची गायिका डोलोरेस ओरिऑर्डन तेव्हा २१ वर्षांची होती, लिमरिकची, म्हणजे दक्षिणेतल्या स्वतंत्र आयर्लंडची, आणि बँड त्या काळात इंग्लंडमध्ये टूर करत होता. गाणं तिने एकटीने लिहिलं. पहिल्याच कडव्यात मूल हिरावलं जातं ते यामुळे, आणि पुढे आईचं काळीज फाटतं तेही यामुळे. हे डोक्यात ठेवून ऐकलं की तिचा तो मधेच चिरकणारा आवाज मला तरी रॉकचा ओरडा वाटत नाही, आयर्लंडमध्ये पूर्वी बायका मयतापाशी सूर लावून विलाप करायच्या ना, तसा वाटतो.

आता १९१६. त्या वर्षी २४ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला, आठवड्याभरात चिरडला गेला, सुमारे ४८५ माणसं मेली. मग मे महिन्यात ब्रिटिशांनी १५ जणांना गोळ्या घातल्या आणि आधी उठावावर चिडलेले लोकसुद्धा उलटे फिरले. (टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली तीही एप्रिल १९१६ मध्येच, आणि होमरूल हा शब्द मुळात आयर्लंडच्या राजकारणातला.) त्यातून पुढे दक्षिण स्वतंत्र झाली, उत्तरेच्या सहा काउंटी ब्रिटनकडे राहिल्या, आणि १९६० च्या दशकाच्या शेवटापासून १९९८ च्या शांतता करारापर्यंत त्या उत्तरेत साधारण साडेतीन हजार माणसं मारली गेली. म्हणजे १९१६ हे आयरिश माणसासाठी हुतात्म्यांचं साल आहे, शाळेत मान ताठ करून शिकायचं साल, आणि ही लिमरिकची मुलगी म्हणते की तेव्हापासून तेच तेच चाललंय.

इथून अर्थ फुटतात. एक वाचन सरळ आहे, की हे आयआरएविरुद्धचं गाणं आहे. यात मी नाही, माझ्या घरचे नाहीत, असं ती गाण्यात म्हणते ना, त्याचा अर्थ आमच्या नावावर मारू नका. ती स्वतः मुलाखतींत हेच सांगायची, की आयआरए म्हणजे मी नाही. रिपब्लिकन बाजूचे, म्हणजे सगळं आयर्लंड एक आणि ब्रिटनपासून मोकळं हवं म्हणणारे लोक चिडले ते यावरच, की इंग्लंडमधली दोन मुलं गेल्यावर हिला गाणं सुचलं, मग उत्तरेतल्या बेलफास्ट आणि डेरीत मेलेल्या मुलांचं काय, आणि १९१६ च्या उठावाला कचऱ्याच्या डब्यातल्या बॉम्बशी कशी जोडते ही. हा राग मला खोटा वाटत नाही. पण गाणं नीट ऐका, त्यात बॉम्ब आणि बंदुकांच्या जोडीला टँक आहेत. आयआरएकडे टँक कुठले? रस्त्यावर चिलखती गाड्या फिरवत होतं ते ब्रिटिश लष्कर. सॅम्युअल बायरने बेलफास्टला शूट केलेल्या व्हिडिओतही गस्त घालणारे ब्रिटिश सैनिक आणि लढाई-लढाई खेळणारी पोरं शेजारी शेजारी दिसतात, आणि बीबीसीने तो व्हिडिओ दाखवायला नकार दिला होता. म्हणून गाणं एकाच बाजूला बोट दाखवतं हे मला पटत नाही.

मग झॉम्बी कोण? काहींच्या मते बॉम्ब ठेवणारे, डोकं बंद करून जुनी शपथ पाळणारे. काहींच्या मते रोज तीच बातमी ऐकून काहीच न वाटणारे आपण सगळे. मला तिसरं जवळचं वाटतं, की मेलेला इतिहासच उठून चालतोय आणि तो चालतोय कुठे तर डोक्यात, कारण धृवपदात ती परत परत तुझ्या डोक्यात, तुझ्या डोक्यात एवढंच म्हणते.

गाणं आलं सप्टेंबर १९९४ मध्ये, आयआरएने ३१ ऑगस्टला युद्धबंदी जाहीर केल्यावर लगेचच. आधीच्या अल्बमच्या हळुवार गाण्यांवर प्रेम करणाऱ्यांना हा जड गिटारचा आवाज धक्काच होता, तरी १९९५ मध्ये एमटीव्ही युरोपचं बेस्ट साँग तेच ठरलं.

१५ जानेवारी २०१८ ला डोलोरेस लंडनमध्ये गेली. बॅड वुल्व्हज नावाच्या अमेरिकन बँडने केलेल्या याच गाण्याच्या कव्हरसाठी ती आवाज देणार होती. त्यांनी कव्हर काढलं, तिच्या मुलांना अडीच लाख डॉलर दिले, हे फार चांगलं केलं, पण शब्दांत ड्रोन घातले आणि १९१६ च्या जागी २०१८ केलं. युद्ध कुठलंही असो गाणं लागू पडतं हा त्यांचा विचार समजतो, पण ते साल काढलं की आयर्लंड निघून जातं आणि तिने आपल्याच देशातल्या लोकांशी घातलेला वादही जातो.

सप्टेंबर २०२३ मध्ये पॅरिसला रग्बी वर्ल्ड कपमध्ये आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेला हरवल्यावर हजारो आयरिश लोकांनी हे गाणं म्हटलं, आणि उत्तरेतल्या काही लोकांनी परत तीच तक्रार केली की यात आमचं दुखणं कुठे आहे. स्टेडियममध्ये लोक घसा फोडून म्हणतात ते धृवपद, १९१६ त्यात येतच नाही.